वाचकांची वही वाचकांना परत द्या : आमच्या ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

आदरणीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

परग्रहवासी आणि शासकीय गुप्तता या विषयावरील एका मराठी कादंबरीवर आपल्या ग्रंथालयाच्या वाचक मंडळातील सभासदांनी जे अभिप्राय लिहिले, ते वार्षिक अंकातून वगळण्याचा, ज्या वहीत ते लिहिले होते ती वही कार्यालयात जमा करून घेण्याचा आणि चर्चेची दुसरी बैठक रद्द करण्याचा निर्णय आपण घेतला. तो मला मान्य नाही. याविषयी मी कार्यवाहांना लेखी अर्ज दिले, प्रत्यक्ष भेटूनही विनंती केली. परंतु आजवर लेखी उत्तर मिळालेले नाही. ज्यांचे लेखन त्या वहीत आहे असे सभासद भेटले की पहिला प्रश्न तिच्याविषयीच विचारतात आणि मला त्यांना काहीही सांगता येत नाही, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल अशा रीतीने लिहीत आहे. संस्थेचे नाव मी यात घातलेले नाही, कारण जिच्यावर माझे प्रेम आहे त्या संस्थेची नाचक्की व्हावी असे मला वाटत नाही. कादंबरीचे आणि लेखकाचेही नाव घातलेले नाही. या वादात ओढले जाण्यास त्यांची संमती मी घेतलेली नाही. माझे नाव व सभासद क्रमांक आपल्याकडे दिलेल्या प्रतीवर आहे.

माझा या गोष्टीशी काय संबंध, हे आधी सांगते. माझ्या सासूबाई या ग्रंथालयाच्या आजीव सभासद होत्या आणि लग्न होऊन इंदुरास आल्यावर माझे पहिले कार्ड त्यांनीच काढून दिले. वाचक मंडळ सुरू झाले तेव्हापासून अभिप्रायाची वही सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. ज्या शहरात १९१७, १९३५ आणि २००१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्या शहरात आज मराठी घरांतील मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, घरात मराठी बोलतात, पण मराठीत चार ओळी लिहिण्याचा प्रसंग त्यांच्यावर वर्षानुवर्षे येत नाही. मोठ्यांचीही स्थिती फार वेगळी नाही. कचेरीतला सगळा जन्म हिंदीत गेलेला असतो. आपल्याकडे नाटकाला आणि गाण्याला सभागृह भरते याचा मला आनंद आहे, परंतु तेथे आपण ऐकायला बसतो. सामान्य वाचकाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मताची, मराठीत केलेली नोंद असे आपल्या संस्थेत जर काही असेल तर ती ही वही आहे, आणि म्हणून ती कपाटात गेल्याचे दुःख मला एखादे दुर्मीळ पुस्तक हरवल्यासारखे झाले आहे.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा विषय थोडक्यात सांगते. सातपुड्याच्या पायथ्याशी एका धरणाच्या जलाशयात आकाशातून काहीतरी पडते. काठावरचे गाव चार दिवसांत हलवले जाते; कारण सांगितले जाते ते धरणाच्या भिंतीला गेलेल्या तड्याचे. पडलेली वस्तू कुठे नेली, ती काय होती, तिच्यात कोणी होते का, याची एक फाईल तयार होते आणि ती एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे अनेक वर्षे फिरत राहते. शेवटी ती एका नायब तहसीलदार बाईंच्या हाती येते. हलवलेल्या गावाच्या ग्रामसभेत जाऊन त्या ती फाईल टेबलावर ठेवतात, आणि कादंबरी तेथेच संपते. फाईलमध्ये काय आहे ते वाचकाला कळत नाही. या शेवटावरून आमच्या पहिल्या बैठकीत जितका वाद झाला, तितका अलीकडच्या कोणत्याही पुस्तकावर झालेला नव्हता, आणि घरी जाऊन सभासदांनी जे लिहून आणले ते त्या वादापेक्षाही मोलाचे होते. आपण ते वाचले आहे की नाही हे मला ठाऊक नाही. वही माझ्याजवळ नाही, पण अंकासाठी मजकूर मीच उतरवून दिला होता, त्यामुळे तो चांगला लक्षात आहे. लिहिणाऱ्यांची परवानगी घेऊन, नावे न देता, त्यातला काही भाग येथे मांडते.

भौतिकशास्त्राचे एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे येतात. त्यांनी कादंबरीवर पहिला आक्षेप घेतला तो अंतराचा. सूर्याला सर्वांत जवळचा तारा सुमारे सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. १९७७ साली सोडलेले व्हॉयेजर १ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चालले आहे आणि एवढे अंतर कापायला त्याला सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील. लेखकाने हा प्रश्न एका वाक्यात उडवून लावला, हे सरांना पटले नाही. तरीही त्यांनी पुढे लिहिले की, वस्तू परग्रहावरची होती असे लेखक कुठेही ठामपणे म्हणत नाही, पात्रेच तसे म्हणतात, आणि पुरावा हाती नसताना माणसे निष्कर्षावर कशी उडी घेतात हे त्याने नेमके दाखवले आहे. एका विज्ञानशिक्षकाने कादंबरीचे इतके न्याय्य परीक्षण केलेले मी छापील समीक्षेतही क्वचित वाचले आहे.

दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेल्या एका सभासदांचा अभिप्राय सर्वांत मोठा होता. त्यांचे म्हणणे असे की, कादंबरीतली गुप्तता फारच निर्दोष आहे. इतकी वर्षे, इतक्या हातांतून फाईल फिरते आणि कुठेही वाच्यता होत नाही, हे घडत नाही. त्यांनी १९४७ सालचे अमेरिकेतील रॉझवेलचे उदाहरण दिले. तेथील लष्करी विमानतळाने जुलै महिन्यात ‘उडती तबकडी’ हाती लागल्याचे स्वतःच जाहीर केले आणि लगेच ते मागे घेऊन तो हवामानाचा फुगा असल्याचे सांगितले. पुढे अनेक दशके त्या तबकडीभोवती कथा वाढत राहिल्या. १९९४ साली अमेरिकी हवाई दलाने अहवाल काढून सांगितले की, ते अवशेष मोगल नावाच्या गुप्त प्रकल्पातील फुग्यांचे होते. सोव्हिएत संघाच्या अणुचाचण्यांचे ध्वनितरंग वातावरणाच्या वरच्या थरात टिपण्यासाठी ते सोडले जात. म्हणजे काहीतरी लपवले जात आहे ही लोकांची शंका बरोबर होती आणि काय लपवले जात आहे याविषयीचा तर्क चुकीचा होता. यू-२ या हेर विमानांच्या बाबतीतही असेच झाले. १९५५ पासून नेवाडाच्या वाळवंटात त्यांची उड्डाणे सुरू झाली. प्रवासी विमाने त्या काळी दहा ते वीस हजार फुटांवरून जात आणि ही साठ हजार फुटांच्या वर. संध्याकाळी खाली अंधार पडल्यावरही त्यांच्या पंखांवर ऊन चमके आणि खालचे वैमानिक अज्ञात वस्तू दिसल्याचे कळवत. खरे कारण अधिकाऱ्यांना ठाऊक होते, पण ते सांगण्याची मुभा नव्हती. त्या तळाचे ‘एरिया ५१’ हे नाव अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या खुल्या केलेल्या कागदपत्रांत उघडपणे आले ते २०१३ साली. अभिप्रायाच्या शेवटी या सभासदांनी लिहिले आहे की, जनतेचा तर्क चुकला तर त्याची पहिली जबाबदारी माहिती दडवणाऱ्याची असते. हे वाक्य मला अंकात ठळक अक्षरांत छापायचे होते.

आता शासनाची बाजू घेणाऱ्या अभिप्रायाविषयी सांगते, कारण तोही आपण वगळला आहे. महूला स्थायिक झालेले एक निवृत्त सैनिक आमचे सभासद आहेत. नायब तहसीलदार बाईंनी फाईल ग्रामसभेत ठेवली हे त्यांना मुळीच आवडले नाही. वरिष्ठांना न विचारता, मजकुराचे परिणाम न जोखता अशी फाईल उघड करणे हा शपथेचा भंग आहे आणि लेखकाने तिला नायिका करून सोडले आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. मात्र त्याच पानावर त्यांनी नंदादेवीची हकीकत दिली. चीनने १९६४ मध्ये पहिली अणुचाचणी केल्यावर, १९६५ साली भारतीय आणि अमेरिकी गुप्तचर संस्थांनी मिळून चीनच्या चाचण्यांवर नजर ठेवणारे, प्लुटोनियमवर चालणारे उपकरण नंदादेवी शिखरावर बसवण्याचा प्रयत्न केला. हवामान बिघडल्यामुळे ते उपकरण वाटेतच ठेवून परत यावे लागले, पुढच्या मोसमात ते जागेवर नव्हते, आणि ते आजवर सापडलेले नाही. देशाला हे अधिकृतपणे कळले ते १९७८ साली, पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत निवेदन केले तेव्हा. सीमेच्या रक्षणासाठी मोहीम गुप्त ठेवणे योग्यच होते, पण उपकरण हरवल्यानंतर त्या हिमनद्यांचे पाणी पिणाऱ्यांना इतकी वर्षे अंधारात ठेवणे योग्य होते काय, असा प्रश्न या सैनिकी शिस्तीच्या गृहस्थांनी विचारला आहे आणि त्याचे उत्तर आपल्याला देता येत नाही असेही लिहिले आहे. माणसाचे मत स्वतःशीच झगडत असताना कागदावर उतरलेले पाहणे हे मी भाग्य समजते.

एका बाईंनी कादंबरीवर फार कमी आणि भोपाळवर अधिक लिहिले. डिसेंबर १९८४ मध्ये त्यांचे माहेर भोपाळला होते. कीटकनाशकांच्या कारखान्यातून वायू सुटला त्या रात्री रुग्णालयांतल्या डॉक्टरांना तो शरीरावर नेमके काय करतो आणि त्यावर उपचार कोणता, याची पुरेशी माहिती नव्हती, आणि ज्यांच्याकडे ती असायला हवी होती त्यांच्याकडून ती वेळेवर मिळाली नाही. पुढे त्याच कारखान्यातला सुमारे ३३७ टन विषारी कचरा १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा बंद कंटेनरांत भरून, पोलीस बंदोबस्तात, आपल्या इंदूरजवळच्या पीथमपूरला जाळण्यासाठी रवाना झाला. त्यानंतर पीथमपुरात काय उसळले ते आपण सर्वांनी पाहिले. बाई लिहितात की, कादंबरीतले गाव रिकामे होते ते पान वाचताना त्यांना परग्रहवासी आठवलेच नाहीत, ते कंटेनर आठवले. कचरा हलवण्याचा आदेश उच्च न्यायालयाचा होता आणि तो कुठेतरी जाळणे आवश्यक होते, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे. त्यांची तक्रार एवढीच की ज्यांच्या शेजारी तो जाळायचा त्यांना आधी बसवून समजावून सांगितले असते तर भीती इतकी भडकली नसती. या अभिप्रायाला आपल्यापैकी एका सदस्याने ‘राजकीय’ म्हटल्याचे माझ्या कानावर आले. ज्या बाईंनी त्या रात्रीनंतर आपल्या माहेरची माणसे खोकताना वर्षानुवर्षे पाहिली, त्यांच्या चार परिच्छेदांना हे विशेषण लावणे मला कठोर वाटते.

रामबागेतल्या एका आजींनी केवळ तीन ओळी लिहिल्या होत्या. गाव हलवले, माणसांना तंबू दिले, पण गुराढोरांचे काय केले ते लेखकाने सांगितले नाही, असे त्यांचे म्हणणे. हा प्रश्न आमच्यापैकी दुसऱ्या कोणालाही सुचलेला नव्हता.

आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने आयुष्यात प्रथमच मराठी कादंबरी पूर्ण वाचली, ती ही. त्याचे शिक्षण हिंदी माध्यमातले. उडत्या तबकड्यांविषयी त्याने आधीच पुष्कळ ऐकले-पाहिले होते आणि बहुतेक सगळे खरे मानले होते. कादंबरी वाचल्यावर तो स्वतः शोधू लागला तेव्हा त्याला कळले की, अमेरिकी हवाई दलाच्या चौकशी प्रकल्पाकडे १९४७ ते १९६९ या काळातल्या १२,६१८ नोंदी होत्या आणि त्यांपैकी ७०१ उलगडल्या नाहीत. २०२१ च्या अमेरिकी गुप्तचर अहवालात १४४ घटना घेतल्या होत्या आणि त्यांपैकी एकाच घटनेचे खात्रीलायक कारण देता आले, ते म्हणजे हवा जाणारा मोठा फुगा. आणि २०२४ च्या मार्चमध्ये तिथल्या संरक्षण खात्याच्या कार्यालयाने जुन्या सर्व चौकशा तपासून परग्रहावरील तंत्रज्ञानाचा कोणताही पुरावा आढळला नसल्याचे जाहीर केले. ‘उलगडले नाही’ म्हणजे ‘परग्रहावरून आले’ असा अर्थ होत नाही, हे आपल्या लक्षात आले, असे त्याने लिहिले. त्याच्या मराठीत हिंदी शब्द आहेत, ऱ्हस्व-दीर्घाचे दोष आहेत, ‘मला वाटते’च्या जागी ‘मला लागते’ आहे. ते मी मुद्दाम दुरुस्त केले नव्हते.

या पार्श्वभूमीवर माझ्या तक्रारी मांडते.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की आपण कारण दिले नाही. सूचना फलकावर ‘अपरिहार्य कारणास्तव’ एवढेच लिहिले गेले. बैठक का रद्द झाली, अंकातली पाने का काढली, वही का नेली, याविषयी आजतागायत एकही ओळ लेखी नाही. परिणाम काय झाला तो पाहा. कोणी म्हणते की शासकीय अनुदान थांबेल म्हणून असे झाले. कोणी म्हणते की कोणा अधिकाऱ्याने वही मागवली. कोणी त्या मुलाच्या घरी जाऊन त्याला सांगितले की तुझ्यामुळे हे घडले. यांपैकी एकाही गोष्टीवर माझा विश्वास नाही. पण ती खोटी आहे असे सांगण्यासाठी माझ्या हाती काही नाही, आणि ते आपण दिलेले नाही. सदतीस सालापासूनची जमा-खर्चाची पुस्तके सभासदांना पाहायला मिळतात असा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या संस्थेत, वाचकांच्या अभिप्रायाची वही मात्र पाहता येत नाही, हे कोणत्या नियमाने झाले?

दुसरी तक्रार वहीच्या मालकीची. वहीचे कागद संस्थेचे असतील, पण मजकूर ज्याने लिहिला त्याचा आहे. तो छापायचा नसेल तर लिहिणाऱ्याला तसे कळवून त्याचा मजकूर त्याला परत करणे, ही साधी रीत कोणतेही नियतकालिक पाळते. आपण ना कळवले, ना परत केले. ज्या आजींना आता हात थरथरतो म्हणून लिहिणे कष्टाचे आहे, त्यांना त्या तीन ओळी पुन्हा लिहायला सांगण्याचे मला धैर्य होत नाही.

तिसरी तक्रार कादंबरीच्या प्रतींविषयी आहे. ग्रंथालयातील प्रती देवघेवीच्या टेबलावरून काढून ‘बांधणीसाठी’ ठेवल्याचे सांगितले जाते, तर त्या नव्या कोऱ्या होत्या.

आता ज्या कारणांची तोंडी चर्चा माझ्यापर्यंत आली त्यांविषयी बोलते. लेखी कारण नसल्यामुळे मला ऐकीव कारणांनाच उत्तर द्यावे लागते, आणि यात कोणावर अन्याय होत असेल तर आपण लेखी खुलासा करून तो दूर करावा.

परग्रहवासी हा साहित्याचा विषय नव्हे, असे एक मत आहे. नाशिकच्या २०२१ च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. जयंत नारळीकर यांना मिळाले तेव्हाच महाराष्ट्राने या मताचे उत्तर दिले आहे. त्यांनी आपली पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने पाठवली होती, नावाच्या दबावाने नव्हे तर कथेच्या बळावर ती निवडली जावी म्हणून. ज्या वाङ्मयप्रकारासाठी इतक्या मोठ्या शास्त्रज्ञाने इतका संकोच आणि इतकी निष्ठा दाखवली, त्याला आपण दारातून परत पाठवू नये.

अशा पुस्तकांनी अंधश्रद्धा वाढते, असे दुसरे मत आहे. हे मत गंभीर आहे आणि त्यामागच्या काळजीचा मी आदर करते. परंतु पृथ्वीबाहेरच्या जीवनाचा प्रश्न विचारणे म्हणजे अंधश्रद्धा नव्हे. नारळीकरांनीच सहकाऱ्यांसह २००१ साली हैदराबादहून फुगा सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा केले आणि त्यांत सूक्ष्मजीव आहेत का, ते पृथ्वीवरूनच वर गेलेले असतील का, याची प्रयोगशाळेत तपासणी करवली. प्रश्न धाडसाचा होता, पद्धत काटेकोर होती. आमच्या वहीत त्या मुलाने त्याच्या परीने हेच केले आहे: ऐकीव गोष्ट घेतली, आकडे तपासले, मत बदलले. अंधश्रद्धेची चिंता असलेल्या संस्थेने तर हा अभिप्राय अंकाच्या पहिल्या पानावर घ्यायला हवा होता.

भाषा अशुद्ध आहे, असेही म्हटले गेले. या मुलाला आपण शुद्धलेखन शिकवू शकतो. तसा वर्ग आपल्या इमारतीत रविवारी घ्यायला मी तयार आहे. पण पहिल्याच लेखनावर फुली मारली गेली तर तो वर्गात येणार नाही, आणि त्याच्या वयाची दुसरी मुलेही येणार नाहीत. इंदुरात मराठी वाचणाऱ्यांची पुढची पिढी आपल्याला याच हिंदीमिश्रित मराठीतून मिळणार आहे.

राहिला तो शासनविरोधाचा आक्षेप. खरी भीती याचीच असावी असे मला वाटते, म्हणून याविषयी थोडे सविस्तर लिहिते. शासनाने काही गोष्टी गुप्त ठेवाव्यात हे आपल्या कायद्याला मान्य आहे; १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम आजही लागू आहे. त्याचबरोबर, या देशातील जनतेला शासनाचे प्रत्येक सार्वजनिक कृत्य जाणून घेण्याचा हक्क आहे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने राजनारायण प्रकरणात १९७५ सालीच मांडली, आणि संसदेने २००५ साली माहितीचा अधिकार अधिनियम केला. त्याच्या कलम ८ मध्ये गुप्ततेचे अपवाद आहेत, आणि त्याच कलमात असेही म्हटले आहे की, माहिती उघड करण्यातले लोकहित हानीपेक्षा मोठे असेल तर, १९२३ चा कायदा असला तरी, ती देता येते. म्हणजे गुप्तता किती आणि कुठवर, हा वाद खुद्द संसदेने कायद्याच्या पोटात ठेवलेला आहे. मग त्याच प्रश्नावर आमच्या सभासदांनी एका कादंबरीच्या निमित्ताने, सौम्य भाषेत, दोन्ही बाजूंनी लिहिले तर तो शासनविरोध कसा ठरतो? महूच्या गृहस्थांनी तर शासनाच्याच बाजूने लिहिले आहे. याच कायद्याच्या कलम ४ मध्ये, सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना द्यावीत, असे बंधन आहे. ते आपल्या संस्थेला लागू होते की नाही या वादात मला शिरायचे नाही. तहसील कचेरीकडून आपण ज्या वागणुकीची अपेक्षा करतो, तीच आपल्या सभासदांनी आपल्या ग्रंथालयाकडून करावी, यात काही गैर नसावे.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. अभिप्रायाची वही वाचक मंडळाला, एकही पान न काढता, परत द्यावी. वार्षिक अंक छापून झाला असेल तर अभिप्रायांची पुरवणी स्वतंत्र काढावी. तिचा छपाईखर्च वाचक मंडळातील सभासद वर्गणी काढून देतील, तेव्हा पैशांची अडचण सांगू नये. एखादा अभिप्राय कायद्याच्या दृष्टीने छापता येत नाही असे मंडळाला वाटत असेल, तर कोणते वाक्य आणि का, हे त्या सभासदाला लेखी कळवावे व दुरुस्तीची संधी द्यावी. भाषेच्या कारणावरून मात्र एकही अभिप्राय वगळू नये. कादंबरीच्या प्रती देवघेवीत परत आणाव्यात. चर्चेची दुसरी बैठक आपल्याच सभागृहात घेऊ द्यावी आणि तिला मंडळाच्या किमान एका सदस्याने उपस्थित राहावे, बोलायला नाही तरी ऐकायला. यापुढे वाचक मंडळाचा कोणताही कार्यक्रम रद्द करताना कारण फलकावर लिहावे.

मंडळाच्या पुढच्या सभेत हे पत्र विषयपत्रिकेवर घ्यावे आणि जो निर्णय होईल तो, माझ्या विरोधात असला तरी, कारणांसह सूचना फलकावर लावावा, ही विनंती. त्या सभेस बोलावल्यास मी येईन आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देईन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
वाचक मंडळाची एक सभासद
रामबाग, इंदूर